बऱ्या न होणाऱ्या पेशंटच्या वॉर्डात ड्यूटी मोजायची कशी?

पत्र : मी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आठ वर्षं सर्जरी वॉर्डात काढली, दीड वर्षापूर्वी पॅलिएटिव्ह वॉर्डात, म्हणजे आजार बरा होणार नसलेल्यांचा त्रास कमी करणाऱ्या वॉर्डात, ड्यूटी लागली. बहुतेक पेशंट तोंडाच्या, गर्भाशयाच्या, स्तनाच्या कॅन्सरचे, शेवटच्या टप्प्यातले. सर्जरीत पेशंट चालत घरी जायचा, टाके काढायला आला की हसून ओळख द्यायचा. इथून कोणी परत येत नाही. मागच्या महिन्यात जबड्याच्या कॅन्सरचे एक काका शनिवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत कळवळत होते, कारण मॉर्फीन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, लिहिणारे डॉक्टर रजेवर होते. एका आजींना मी रात्री डोस दिला आणि पाऊण तासात त्या गेल्या. तेव्हापासून मॉर्फीन हातात घेतलं की हात थरथरतो. घरी सासूबाई म्हणतात, आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर. मैत्रिणी म्हणतात, 'किती पुण्याचं काम करतेस!' ते ऐकलं की चीडच येते. या कामात अर्थ कसा शोधायचा? की सरळ बदली मागू? आणि नातेवाईक दहाव्याला बोलावतात, जावं का?
— एक सिस्टर, मराठवाडा

उत्तर :

सिस्टर, चिडीपासूनच सुरुवात करू, कारण ती रास्त आहे. 'पुण्याचं काम' म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या शब्दाने कामाची किंमत परस्पर चुकती होते. पुण्य मिळतंय म्हटल्यावर वॉर्डात तीस पेशंटला दोन सिस्टर का, मॉर्फीन शनिवारी का मिळत नाही, हे विचारायला कोणी उरत नाही.

आता ते काका. त्यांची आठवण येऊन तुम्हाला जे होतं त्यावर प्रार्थना, ध्यान, 'सकारात्मक विचार' यांतलं काहीही लावू नका. काय करायला हवं ते तुम्हाला ठाऊक होतं आणि ते करायची मुभा नव्हती. अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने १९८४ मध्ये परिचर्येच्या नीतिशास्त्रावर लिहिताना नेमक्या या यातनेला स्वतंत्र नाव दिलं: 'मॉरल डिस्ट्रेस', म्हणजे नैतिक यातना. थकव्यापेक्षा ती वेगळी आहे. थकवा सुट्टीने उतरतो, ही उतरत नाही, कारण पुढच्या शनिवारी तेच होणार हे मनाला माहीत असतं. तिच्यावरचा इलाज शुक्रवारी दुपारच्या राउंडला करायचा असतो.

वीकेंडला मॉर्फीन अडतं ते बहुधा कपाट रिकामं असतं म्हणून नव्हे. मॉर्फीन 'एसओएस' म्हणून, म्हणजे गरज पडली तरच, असं लिहिलेलं असतं, त्यामुळे पेशंट ओरडेपर्यंत कोणी देत नाही. कपाटाची किल्ली ज्या इन्चार्ज सिस्टरकडे, त्यांचा त्या दिवशी वीकली ऑफ असतो. ड्यूटीवरच्या डॉक्टरला हे औषध लिहायची सवय नसते आणि भीती असते. किंवा नातेवाईकच 'सवय लागेल' म्हणून नको म्हणतात. कायदा आता आडवा येत नाही. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फीनसह सहा औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली गेली आणि राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ती ठेवता येतात. तुमच्या रुग्णालयाकडे साठा आहे म्हणजे हा टप्पा केव्हाच पार झालाय. अडतंय ते शुक्रवार ते सोमवारच्या कागदावर.

म्हणून शुक्रवारच्या राउंडला प्रत्येक पेशंटच्या कागदावर हे लिहून घ्या: मॉर्फीन घड्याळाप्रमाणे, दर चार तासांनी. म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट डोस, म्हणजे पहाटे दोनला उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस, साधारण दिवसभराच्या एकूण मॉर्फीनच्या सहाव्या भागाएवढा. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १० मिलिग्रॅम. मॉर्फीनबरोबर रात्री पोट साफ होण्यासाठी बिसाकोडिल, न विसरता, कारण गुंगी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र कधीच ओसरत नाही. उलटीचं औषध. तोंडाने घेता येणं बंद झालं तर त्वचेखालून काय आणि किती द्यायचं. शेवटी, 'डॉक्टर उपलब्ध नसल्यास कोणाला फोन' या ओळीपुढे दुसऱ्या डॉक्टरचं नाव. रजेच्या काळात दुसरी किल्ली कोणाकडे, हे इन्चार्जकडून लेखी घ्या.

एवढं करूनही अडलं, तर नोंदीत भावना लिहू नका, आकडे लिहा. 'रात्री ११.२०, वेदना ९/१०, डॉक्टरांना फोन, आदेश नाही. १२.१०, वेदना ९/१०, पुन्हा फोन.' अशी दोन पानं सोमवारी वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर गेली की चर्चा सिस्टर हळव्या आहेत का यावर होत नाही.

आजींचं सांगतो. ज्या वॉर्डात दर चार तासांनी मॉर्फीन दिलं जातं आणि माणसं मरतात, तिथे प्रत्येक मरणाआधी काही तासांच्या आत कोणीतरी एक डोस दिलेलाच असतो. त्या रात्री ते कोणीतरी तुम्ही होता. हा योगायोग या कामात रचनेतच आहे आणि प्रत्येक पॅलिएटिव्ह सिस्टरच्या वाट्याला तो येतो. पण नुसत्या दिलाशाने हात थांबणार नाही, म्हणून तपासून बघा. त्या रात्रीचा केस पेपर काढा. डोस आदल्या दिवसाइतकाच होता का? डोसआधी श्वास मिनिटाला किती होते? हाक मारल्यावर आजी डोळे उघडत होत्या का? मॉर्फीन जास्त झालं तर आधी गुंगी वाढत जाते, माणूस उठवता उठत नाही आणि मग श्वास मंदावून मिनिटाला आठच्या खाली येतो. हे टप्प्याटप्प्याने होतं. बाहुल्या बारीक होणं एवढ्यावरून काही ठरत नाही, नेहमीच्या डोसवरही त्या बारीकच असतात. त्याउलट हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी, लघवी जवळपास बंद, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा, असं दुपारपासूनच असेल, तर आजी आजाराने गेल्या. वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवलेलं मॉर्फीन मरण ओढून आणत नाही. हा कागद डॉक्टरांबरोबर बसून वाचा, एकटीने नको. आणि यापुढे प्रत्येक डोसआधी श्वास मोजून डोसशेजारी लिहा. हाताला धीर त्या आकड्याने येईल.

आता तुमचा मूळ प्रश्न. रुग्णालयात रजिस्टरं असतात: भरती, डिस्चार्ज, मृत्यू, शस्त्रक्रिया, औषधसाठा. सर्जरी वॉर्डात तुमचं चांगलं काम 'डिस्चार्ज'च्या रकान्यात दिसायचं. इथे रकाना उरतो तो मृत्यूचा. रात्री दोन वाजता कोणाची कळ आठावरून तीनवर आली, यासाठी रजिस्टरच नाही. दीड वर्ष तुम्ही स्वतःचा हिशोब रुग्णालयाच्या रकान्यांत मांडताय, त्यामुळे बेरीज रोज शून्य येते. अर्थ शोधायला कुठे बाहेर जायचं नाहीये, मोजायचं काय ते बदलायचं आहे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण मोजणं खरोखर करावं लागतं, मनातल्या मनात होत नाही.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक ड्यूटीच्या शेवटी दोन ओळी, जास्त नाहीत. नाव लिहायचं नाही, खाट क्रमांकही नको. फक्त आधी काय होतं, काय केलं, नंतर काय झालं. 'वेदना ८, जादा डोस, तासाने ३.' 'चार दिवस शौचास नाही, एनिमा, जेवल्या.' एखाद्या दिवशी लिहिण्यासारखं काहीच नसेल तर 'आज नाही' लिहा. खोटं भरलेली वही महिन्याभरात बंद पडते. तोंडावाटे मॉर्फीन दिल्यावर तासाभराने पुन्हा विचारायला जाणं यातच येतं. बहुतेक वॉर्डांत डोस दिल्याची नोंद असते, उपयोग झाल्याची नसते. तुम्ही परत गेलाच नाहीत, तर तुमच्या कामाचं फळ तुम्हाला दिसणारच कसं?

या वहीत सगळ्यात लवकर भरणारी गोष्ट म्हणजे वास. तोंडाच्या आणि स्तनाच्या उघड्या जखमांचा वास हा मरणाआधीचा बहिष्कार असतो. नातवंडं जवळ येत नाहीत, सून ताट दारातून सरकवते, पेशंट स्वतःच तोंड भिंतीकडे करून झोपतो. आणि हे बरंचसं सिस्टरच्या हातात आहे. ड्रेसिंगच्या तीस-पंचेचाळीस मिनिटं आधी वेदनेचा जादा डोस. जुनं ड्रेसिंग कोरडं ओढायचं नाही, सलाईनने भिजवून सुटू द्यायचं. घरी सलाईन नसेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ. धुऊन झाल्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या अगदी बारीक कुटून त्याची पूड जखमेवर, रोज. वास ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो, त्यांच्यावर हे चालतं आणि काही दिवसांत फरक पडतो. अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइन जखमेत ओतायचं नाही, त्यात भिजवलेला गॉज कडेला धरायचा, अळ्या बाहेर येतात, चिमट्याने काढायच्या. नातेवाइकांसमोर ओरडायचं नाही, हे सांगायची गरज तुम्हाला नाही. जबड्याजवळ मोठी रक्तवाहिनी उघडी पडायची शक्यता असेल तर खाटेशेजारी गडद रंगाचे टॉवेल ठेवा, मरून किंवा गडद हिरवे. पांढऱ्या चादरीवरचं रक्त घरचे जन्मभर विसरत नाहीत.

दुसरी जागा शेवटच्या दोन दिवसांची. इथे पेशंटपेक्षा नातेवाइकांना जास्त शिकवावं लागतं, आणि तुमच्यासारख्या अनुभवी सिस्टरचं खरं कौशल्य इथे लागतं. घशात घरघर सुरू झाली की 'सक्शन करा', म्हणजे नळीने कफ ओढून काढा, असा आग्रह होतो. सक्शनने फारसा उपयोग होत नाही आणि माणूस ढवळून निघतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा आणि डॉक्टरांनी लिहिलेलं हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड लवकर सुरू करा, कारण ते नवीन स्राव कमी करतं, साचलेला सुकवत नाही. पेशंट अचानक तळमळायला लागला, कपडे ओढायला लागला, तर झोपेचं इंजेक्शन मागण्याआधी ओटीपोटावर हात ठेवून बघा. कितीतरी वेळा मूत्राशय भरलेलं असतं आणि एका कॅथेटरने माणूस शांत होतो. ही नोंद वहीत नक्की करा.

'सलाईन तरी लावा, उपाशी कसं मरू द्यायचं?' हे रोज ऐकत असाल. वाद घालू नका. शरीर बंद होत असताना भूक-तहान आपोआप मंदावते, जबरदस्तीने दिलेलं पाणी फुप्फुसात आणि पायांत साचतं, हे एकदा शांतपणे सांगा आणि लगेच हाताला काम द्या. नुसतं 'काही करू नका' म्हटलं की घरच्यांना ते टाकून दिल्यासारखं वाटतं. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा, त्यात बोळा भिजवून दर दोन तासांनी तोंड पुसणं, ओठांना व्हॅसलिन किंवा साजूक तूप. गंगाजल, तुळशीचं पान घालायचं असेल तर मान एका कुशीला वळवून, थेंब-दोन थेंब, चमचा भरून नाही. आणि पेशंट ऐकतोय असं धरूनच खोलीत बोला, जमिनीच्या वाटणीच्या गप्पा बाहेर.

एक प्रश्न मात्र भरतीच्या दिवशीच विचारावा. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी तो सुचवला आहे. आपल्या बोलीत तो असा होईल: 'तुमची नीट काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं?' दोन-तीन मिनिटं लागतात. कोणी सांगतो, मी तीस वर्षं गावात भजनाला पखवाज वाजवला. कोणी सांगते, माझं अंग परक्या पुरुषाने पुसलेलं मला चालणार नाही. उत्तर एका ओळीत केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहा, पेशंटची परवानगी घेऊन. मग 'खाट चार, सीए बक्कल म्युकोझा' (गालाच्या आतला कॅन्सर) हे हँडओव्हरमधून गळतं आणि नाइटच्या सिस्टरलाही माणूस दिसतो. 'माणूस दिसला की त्रास जास्त होईल' ही भीती साहजिक आहे, पण खाट क्रमांकांच्या गर्दीत काम करण्याने माणूस जास्त लवकर कोरडा पडतो, असं आमचं मत.

आधुनिक हॉस्पिसचा, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या सेवाकेंद्राचा, पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मुळात परिचारिका होत्या. मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर, आणि १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स सुरू केलं. वेदना शरीराची, मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची मिळून एक असते, हे त्यांचं म्हणणं. वॉर्डात याचा अर्थ फार व्यवहारी आहे. मॉर्फीन वाढवत नेऊनही सहाच्या खाली न येणारी कळ असेल तर रात्री खुर्ची ओढून विचारा, 'झोप कशाने उडते?' सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न, रेशनकार्डावरून वगळलेलं नाव, असं काहीतरी निघतं. ते तुम्ही सोडवायचं नाही. सकाळी समाजसेवा अधीक्षकांकडे चिठ्ठी द्यायची: संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, जन आरोग्य योजनेचे कागद, जे असेल ते. सगळं स्वतःच्या पदरात घेणाऱ्या सिस्टर सहा महिन्यांत आजारी पडतात.

साठलेल्या दुःखाचं वेगळं करावं लागतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका परिचारकाने सुरू केलेली एक साधी पद्धत आता बऱ्याच देशांत वापरतात. मृत्यू झाल्यावर नळ्या काढण्याआधी, खाटेभोवती जे कोणी असतील, सिस्टर, मावशी, मामा, डॉक्टर, त्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं. धर्माचं काही म्हणायचं नाही, ज्याला जे मनात म्हणायचं ते. शक्य असेल तर नातेवाइकांनाही थांबवा. मिनिटाने काय होणार असं वाटेल, पण एरवी त्याच मिनिटात आपण फॉर्म शोधत असतो आणि पुढच्या खाटेची बेल वाजत असते. याशिवाय पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं चहाबरोबर बसा, गेलेल्यांपैकी एकाचंच बोला: काय नीट झालं, काय राहिलं. बैठक मेट्रनकडे तक्रारी करण्याची झाली की पुढच्या वेळी कोणी येत नाही, तेवढं सांभाळा. एका सिस्टरकडे एका वेळी शेवटच्या दिवसांतले किती पेशंट द्यायचे, हे इन्चार्जने वाटून द्यावं. सलग तिसरा मृत्यू ज्या सिस्टरच्या ड्यूटीत झाला, तिला पुढचे दोन दिवस ओपीडी किंवा गृहभेटीचं काम द्यावं.

सासूबाईंशी भांडू नका. कॅन्सर स्पर्शाने होत नाही, हे एकदा सांगून टाका. पण ड्यूटीवरून आल्यावर कपडे बदलणं आणि अंघोळ तशीही चांगलीच. सुतक म्हणून नव्हे, वॉर्ड अंगावरून उतरवायला ती दहा मिनिटं तुमचीच आहेत. त्या वेळात दारावर कोणी हाक मारायची नाही, एवढी अट मात्र घाला.

हात थरथरणं, झोप उडणं, पोरांवर विनाकारण ओरडणं किंवा कशाचंच काही न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर वही आणि चहाची बैठक पुरणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, चोवीस तास. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवड्यांचीही वाट बघू नका, त्याच दिवशी बोला. स्वतःच्या रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत जायला संकोच वाटतो, हे आम्ही समजू शकतो, पण तिथल्या डॉक्टरांनी तुमच्याआधी इतर सिस्टरही पाहिलेल्या असतात.

बदलीचं स्पष्ट सांगतो. बदली मागणं म्हणजे पळ काढणं नव्हे. पण अर्ज आजच नको. तीन महिने घ्या. पहिल्या महिन्यात शुक्रवारचा कागद आणि किल्लीची व्यवस्था लावून घ्या. वही आजपासून. दरम्यान प्रशिक्षण मागा. बऱ्याच सिस्टर या वॉर्डात शिकवणीशिवाय येतात, सर्जरीची हत्यारं घेऊन, आणि मग आपणच कमी पडतो असं समजतात. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा पायाभूत प्रमाणपत्र अभ्यासक्रम डॉक्टर-नर्स दोघांसाठी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. २०१२ पासून पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे, त्यामुळे अर्जात त्याचा उल्लेख करून प्रतिनियुक्ती मागता येते. तीन महिन्यांनी वही वाचा. पानं भरली असतील आणि तरीही सकाळी पाय वॉर्डाकडे वळत नसतील, तर रीतसर अर्ज करा, मन न खाता. पण पानं रिकामी राहिली ती मॉर्फीन शनिवारी अजूनही मिळत नाही म्हणून, असं असेल, तर अर्जात तेच कारण लिहा. 'कौटुंबिक अडचण' लिहून सुटका करून घेतलीत, तर तुमच्या जागी येणारी सिस्टर पहिल्याच शनिवारी तिथेच अडकेल.

दहाव्याला प्रत्येक ठिकाणी जाऊ नका, झेपणार नाही आणि ड्यूटीही तसं जाऊ देणार नाही. ज्या घराशी फार दिवसांचा संबंध होता, तिथे वर्षातून दोन-चारदा जायला हरकत नाही, मात्र एकटीने नको आणि युनिफॉर्मवर नको. पाकीट, साडी घ्यायची नाही, पेढा चालेल. बाकीच्यांना तेरावं उरकून पाहुणे परतले की, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यात, वॉर्डच्या फोनवरून पाच मिनिटांचा फोन करा. जेवताय का, झोप लागते का, आणि 'शेवटी आमचं काही चुकलं का?' असा प्रश्न मनात आहे का, एवढं विचारा. तो प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, आणि त्या खोलीत काय काय घडलं ते त्यांना नीट सांगू शकेल अशा तुम्हीच. उरलेल्या गोळ्या घरात असतील तर वॉर्डात परत आणून द्यायला त्याच फोनवर सांगा.